ताटात नको, ग्लासात दे

दिग्रस
१७ मे २०२२

नलू,
जयभीम.

माहा फोन तुले लागत नाही. बायकोचा नाही तर नवऱ्याचा तरी लागंन, म्हणून अश्वजितनं त्याच्या फोनवरून लावून पाह्यला, त्याचाही लागत नाही. त्याले वाटलं, टावर गेला असंन. मंग मीच त्याले सांगतलं, टावर कुठी जात नाही बाप्पा, नलूनं आपल्या दोघांले ब्लॉक केलं. केलं तर केलं. म्हणून ही चिठ्ठी बळीरामदादापाशी देऊन राह्यली. त्याची ट्रॅव्हल्स आज संध्याकाळी निघते, उद्या हडपसरले तुह्या हातात देईन. त्याच्यावर चिडू नको. "तुम्ही सख्ख्या बहिणी भांडा, अन् माह्या गाडीले पोस्टमन करा," असं म्हणत होता. तरी घेतली त्यानं.

मी भांडाले लिहून नाही राह्यली. पोरगी तुही हाय. संघदीपभाऊ गेले, तुले पुण्याच्या दवाखान्यात काम भेटलं, तवा तू एवढीशी बोधी माह्या घरी ठेवली. आता तुही खोली झाली, नोकरी पक्की झाली, तू तिले घेऊन गेली. असंच ठरलं होतं आपलं. फक्त तू निघाली तवा इतकी रडारड झाली का मले तिच्या खाण्यापिण्याचं काहीच सांगता आलं नाही. तेवढ्यासाठी लिहिते.

काल बुद्धपौर्णिमा होती. विहारात खीर वाटली. बोधी दहा वर्षांची झाली. तू काही गोडधोड केलं असशीन. केलं नसंन तर संडे करजो. रविवार नाही वं, आइस्क्रीमचा संडे. तू एकदा फोनवर हासलती, "ताई, तुमच्या घरी तर रोजच संडे," म्हणून. तोच.

दूध चांगलं मलईचं घेजो अन् आटवजो. वाटीभर थंड दुधात कॉर्नफ्लॉवर कालवून त्यात सोडजो, साखर टाकजो. पूर्ण थंड झालं का घोटलेली मलई मिसळजो अन् डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवजो. अर्धं गोठलं का काढून मिक्सरमधून फिरवजो, पुन्हा ठेवजो. हे फिरवणं चुकवू नको. नाहीतर बर्फाचे खडे होतात, अन् ती एक एक खडा थुंकून टाकते. मंग उंच काचेचा ग्लास घेजो. तळाले चॉकलेटचा पाक, त्यावर बिस्किटाचा चुरा, मंग एक गोळा, केळ्याच्या चकत्या, दुसरा गोळा, पुन्हा पाक. वरून भाजलेले शेंगदाणे, जाडे भरडे. बारीक कूट टाकला तर म्हणते, भाजी केली का?

चेरी टाकजो, पण ती खात नाही. ती चेरी काढून अश्वजितच्या तळहातावर ठेवे. तिथं तूच खाऊन टाकजो.

अन् ऐक, ती उदास असली का तिले ताटात काही वाढू नको. ग्लासात दे. कारण मंग सांगीन, दादा हॉर्न वाजवून राह्यला.

तुही ताई,
शीला


दिग्रस
५ जून २०२२

नलू,
जयभीम.

दादा म्हणे तू चिठ्ठी घेतली, पर्समध्ये टाकली अन् ड्यूटीले निघून गेली. वाचली का नाही, त्याले माहीत नाही. तू वाचली असं समजून मी पुढचं लिहिते.

ताटाचं सांगायचं राह्यलं.

त्या दिवशी संघदीपभाऊ फवारणी करून आले तवा तू घरी नव्हती, दुकानात गेलती. दुसऱ्याचं वावर, डोक्याइतकी कपाशीची पऱ्हाटी, दिवसभर जहराचा पंप पाठीवर. भाऊनं आंघोळ केली, भूक लागली म्हणे, अन् स्वतःच वाढून घेतलं. बोधी बाजूले बसली, बापलेक एकाच ताटात जेवाले लागले. दोन घास खाल्ले न खाल्ले अन् भाऊ ताटावरच पडले. तू आली, बोंब मारली, लोक जमले, कोणी ऑटो आणला, कोणी पाय धरले. पोरगी तिथंच बसून होती. ती कोणाच्याच ध्यानात आली नाही. तुह्याही नाही, माह्याही नाही. तू भाऊसंगं यवतमाळच्या दवाखान्यात गेली अन् ती माह्या घरी आली. मी ताट वाढलं का ती तोंड फिरवे. मले वाटे, आईची आठवण येऊन राह्यली. भाऊले चादरीत गुंडाळून परत आणलं त्यानंतर तर तिनं बोलणंच टाकलं. हे ताटावरचं सगळं तिनं मले मागाहून, लय दिवसांनी सांगतलं.

तू पुण्याले गेल्यावर रोज फोन करे अन् म्हणे, "तिले दे." मी म्हणे, "झोपली वं." नलू, ती झोपलेली नसे. समोर भिंतीले टेकून बसलेली राहे. पण तू तिथं परक्या गावात, नवरा जाऊन महिना नाही झाला, लोकांचे बेडपॅन धुऊन राह्यली, अन् मी तुले फोनवर सांगू का पोरगी मुकी झाली?

काय करत होतो आम्ही? दुधात पोळी कुस्करून चमच्यानं भरवो. अर्धं पोटात जाये, अर्धं फ्रॉकवर.

उन्हाळा लागला तवाची गोष्ट हाय. मी ब्लाउजचं अस्तर आणाले तिले घेऊन बाजारात गेलती. आर्णी रोडवर आइस्क्रीमचं दुकान हाय ना, त्याच्या भिंतीवर मोठं चित्र होतं. उंच ग्लास, त्यात थरावर थर. पोरगी उभी राह्यली. माहा हात सोडवला अन् बोट दाखवून म्हणे, "हे."

एवढाच शब्द. मी रस्त्यात खालीच बसली. दुकानवाला बाहेर आला, चक्कर आली का बाई, म्हणे. मी म्हणलं, चक्कर नाही भाऊ, हे चित्रात काय हाय ते दे. तो म्हणे, तो संडे हाय. मी म्हणलं, संडे कसा, आज तर बुधवार. तो हासाले लागला. त्याच्यापाशी तो भेटतच नव्हता, नुसतं चित्र लावलं होतं. साधा कप देल्ला तर पोरीनं हात मागे घेतला. तिले ग्लासातलंच पाहिजे होतं.

अश्वजित फ्रीज दुरुस्त करत फिरते, पण फ्रीजात काय करतात हे त्याले कुठी माहीत? त्यानं मोबाइलवर पाहून पाहून मले सांगतलं, मी केलं. पह्यला संडे म्हणजे गोड बर्फच होता. पाकाच्या गाठी, केळं काळं पडलेलं. लांब चमचा नव्हता तर अश्वजितनं चमच्याले दुसऱ्या चमच्याचा दांडा जोडून देल्ला. तिनं सगळा खाल्ला. तळापर्यंत. मंग ग्लास उलटा करून पाह्यला.

तवा माह्या डोक्यात उजेड पडला. ग्लास होता, ताट नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच ग्लासात खाली भात घातला, त्यावर वरण, मंग पुन्हा भात, वर तुपाचा गोळा, अन् चेरीच्या जागी लोणच्याची फोड. म्हणलं, "बोधी, हा भाताचा संडे." तिनं माह्याकडे असं पाह्यलं, जशी मी येडी हाय. पण खाल्लं. त्यानंतर पोळीचा संडे, खिचडीचा संडे, झुणक्याचा संडे. शेजारची लालीबाई म्हणे, "तुह्या घरची भांडी कुठं गेली वं, सगळे ग्लासातच जेवून राह्यले?" आम्ही दोघंही तिच्यासंगं ग्लासातच जेवो. पोरगी एकटीच येगळी दिसू नये म्हणून.

शाळेत गेली तवा हळूहळू सुटलं. आधी वाटी, मंग ताटली, मंग ताट. पण मन दुखलं का ती पुन्हा तिथंच जाते. म्हणून म्हणलं, ग्लासात दे.

शीला


दिग्रस
२६ जून २०२२

नलू,
जयभीम.

दादा म्हणे पोरगी वाळली. शाळेतल्या बाईनं तुले बोलावलं होतं म्हणे. तू त्याले म्हणली, ताईले सांगू नको. पण दादाच्या पोटात काही राहते का? आमच्या घरी चहा पीत पीत त्यानं सगळं सांगतलं अन् मंग म्हणे, "मी काही बोललो नाही, बरं का."

इकडे पेरण्या सुरू हायत. लोक पुन्हा पऱ्हाटीच लावून राह्यले. दुसरं काय लावतीन.

मी आणखी काही प्रकार लिहून पाठवते, तुले जो जमंन तो करजो. गुळाचा तिले चॉकलेटपेक्षाही आवडते. गूळ लोण्यात वितळवजो, थोडी मलई अन् चिमूटभर मीठ टाकजो. मीठ इसरू नको, त्यानंच चव येते. संत्र्याचा करशीन तर फोडी सोलून नुसत्या वर ठेवजो. रस दुधात गेला का दूध फाटते. सीताफळाचा दिवाळीत करतात. गर चाळणीवर घासून बिया काढजो, पण तो गर शिजवू नको, कडू होते. मी एकदा शिजवला. बोधीनं कडू संडे गुपचूप संपवला अन् मंग न्हाणीत जाऊन ओकली. "तुले वाईट वाटलं असतं," म्हणे. सात वर्षांची होती तवा.

तळलेल्या शेवया वरून चुरून टाकल्या का कुरकुरीत लागते. तीळगुळाचा संक्रांतीले. हे सगळे तिनंच काढलेले प्रकार हायत, मी फक्त हात चालवला.

आता ज्यावरून हे सगळं झालं, ते लिहिते.

त्या दिवशी ऑटोपाशी तिनं माहे पाय धरले अन् मले म्हणे, "आई, मले मावशीसंगं नको पाठवू." मले आई अन् तुले मावशी. तुहा चेहरा मी पाह्यला, नलू. तू सगळ्या गल्लीसमोर म्हणली, "ताई, तुले झालं नाही म्हणून तू माहं घेतलं." मी तिची पिशवी ऑटोत ठेवली.

मी तिले कधी आई म्हणाले शिकवलं नाही. पह्यल्यांदा तिच्या तोंडातून निघालं तवा मी टोकलं, "आई पुण्याले हाय, मी मावशी." दुसऱ्यांदा टोकलं. मंग ती माह्यासमोर म्हणेच ना. मले वाटलं, समजली. एक दिवस तिच्या शाळेत गेली तर बाई म्हणे, "बोधी म्हणते का तिची आई लय छान आइस्क्रीम करते, आम्हालेही खिलवा की." घरी मावशी, शाळेत आई. पोरगी दोन घरं सांभाळून राह्यली होती एवढ्याशा जिवात. मंग मी टोकणं सोडलं. तिले चोरून म्हणावं लागू नये, एवढंच मनात होतं.

अन् लॉकडाउन तर कोणाच्या हातात नव्हता. तू वर्षावर येऊ शकली नाही. तिच्या वाढदिवसाले तू दवाखान्यातून व्हिडिओ कॉल केला. डोक्यापासून पायापर्यंत तो पांढरा प्लास्टिकचा ड्रेस, डोळ्यावर चष्मा, तोंडावर मास्क. मी इकडे आंब्याचा संडे करून त्यावर मेणबत्ती लावली होती. तू तिकडून टाळ्या वाजवून राह्यली अन् ती माह्या मागे लपून इचारे, "कोण हाय ते?" तुले ऐकू गेलं का नाही, मले आजवर माहीत नाही. मी पटकन फोन फिरवून आंबा दाखवला.

अश्वजित मले म्हणते, "आता कोणासाठी दूध आटवतं? खाईन कोण?" मी म्हणते, गिऱ्हाईक येतात शिवणाचे, त्यांले देते. पण मी कोणाले देत नाही. ग्लास भरते अन् ठेवते.

नलू, मी येऊ का दोन दिवसांसाठी? दादाच्याच गाडीनं येईन. तुह्या खोलीत नाही थांबणार, लालीबाईची बहीण तिकडेच राहते. बोधीले एकदा जेवताना पाहीन अन् परत येईन. तू हो म्हणली तरच.

शीला


हडपसर, पुणे
२४ जुलै २०२२

शीलाताई,
जयभीम.

तुह्या तिन्ही चिठ्ठ्या वाचल्या. पह्यली कितीक दिवस पर्समध्ये पडून होती. मंग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत चादरींच्या खोलीत बसून तिन्ही एकदम वाचल्या. डब्बा तसाच परत आणला.

तू इतकी वर्षं मले फोनवर सांगे, जेवते, बरी हाय, खेळून राह्यली. मी तिची जन्माची माय अन् ती ताटाले काहून भिते हे मले आता चिठ्ठीतून कळते. इथं आल्यावर मी रोज तिच्यासमोर ताट ठेवो. ती हात लावत नसे. मले वाटे, माह्या हातचं खायचं नाही म्हणून हट्ट करून राह्यली. एक दिवस मी मारलं तिले, ताई. ताटासमोर बसवून मारलं. तू सांगतलं असतं तर मारलं नसतं.

तुह्या चिठ्ठीवरून मी संडे केला. घरमालकिणीच्या फ्रीजात ठेवू देल्लं तिनं. नीट गोठला नाही. पाक करपला. उंच ग्लास नव्हता तर स्टीलच्या ग्लासात देल्ला. बोधीनं खाल्ला. सगळा खाल्ला, अन् मंग म्हणे, "आईच्या हातचा असा नसते." मी तिच्या समोरच बसली होती.

दवाखान्यात आम्हाले सगळे मावशी म्हणतात. पेशंट, नर्स, डॉक्टर. मावशी पाणी द्या, मावशी चादर बदला, मावशी इकडे या. दिवसभर ऐकते, माहं काही म्हणणं नाही. पण घरी येते, कुलूप उघडते, अन् आतूनही तोच आवाज येते, "मावशी आली."

व्हिडिओ कॉलवर ती काय म्हणली ते मले ऐकू आलं होतं. त्या दिवशी माह्या वॉर्डातले दोघं गेले होते. मी तो ड्रेस उतरवून संडासात बसून रडली अन् पुन्हा घातला.

तू तिले जगवलं. हे मले माहीत नाही असं समजू नको. गल्लीत जे बोलली त्याची मले लाज वाटते. पण तुह्या समोर मले उभं राहता येत नाही, याचंही कारण तेच हाय. तू इथं आली अन् तिनं तुले पाह्यलं, तर मी पुन्हा पह्यल्या दिवशी जाऊन पडीन. म्हणून येऊ नको.

अन् एक मागते. येत्या रविवारी मी तुहा नंबर उघडीन. तिच्याशी बोल. तिले सांग का मी तिले ओढून नाही आणलं, तूच पाठवलं. तिले सांग का तुले आता तिले ठेवता येत नाही. ती माह्यावर राग धरून बसली हाय अन् खिडकीतून पाहत राहते, का तू न्याले येशीन. तू येणार हायस असं जोवर तिले वाटते, तोवर ती माही होत नाही. तिले राग धरायचाच असंन तर तुह्यावर धरू दे. तुह्यावरचा राग तू पेलशीन. माह्यावरचा मले पेलत नाही.

मंग काही दिवस लिहू नको. मी सांगीन तवा लिहिजो.

तुले दुसऱ्या कोणी हे मागितलं असतं तर मी त्याचं थोबाड फोडलं असतं. पण मागून राह्यली.

नलू


दिग्रस
१ ऑगस्ट २०२२

नलू,

तू म्हणली तसं काल बोलली. तू फोन तिच्या हाती देऊन गॅलरीत गेली, म्हणून काय बोलणं झालं ते तुले लिहून कळवते. उद्या तिनं काही इचारलं तर आपल्या दोघींचं एकच निघालं पाहिजे.

तिनं फोन घेतल्याबरोबर म्हणलं, "आई, तू कवा येऊन राह्यली?"

मी म्हणलं, "बोधी, मी मावशी हाय. आई तुह्यापाशी हाय."

"माहीत हाय मले. तू कवा येतं?"

"मी नाही येत."

"दिवाळीत?"

"दिवाळीतही नाही."

"काहून?"

हे मी पाठ करून ठेवलं होतं. सकाळपासून मशीनवर बसून म्हणत होती. म्हणलं, "तुह्या आईनं तुले नेलं नाही, मीच तिले म्हणलं, घेऊन जा. शिवणाचं काम वाढलं. काकाही दिवसभर बाहेर. मले आता तुहं होत नाही बेटा."

ती म्हणे, "मी त्रास देत होती का?"

याचं उत्तर मी पाठ केलं नव्हतं, नलू. तू पण लिहिलं नव्हतं. नाही म्हणलं असतं तर ती म्हणली असती, मंग ने मले. म्हणून म्हणलं, "हो. थोडा."

"ग्लासाचा?"

"अं?"

"मी ताटात जेवीन आता," म्हणे. "सगळं जेवीन. संडे पण नको करू. मंग तर त्रास नाही होणार?"

अश्वजित समोर बसला होता. तो उठून बाहेर गेला. लालीबाईच्या दारातली बकरी उगीच हाकलाले लागला.

मी म्हणलं, "ताटात जेवायचं असंन तर आईपाशी जेव. ती वाढंन तसं जेव. तिच्या हातचं खा. तिले बोलत जा, बेटा, ती दिवसभर दमून येते."

मंग ती काय म्हणली ते नीट वाच, कारण तुले तेच पाहिजे होतं. ती म्हणे, "बरं मावशी." अन् फोन ठेवला. चिडून नाही ठेवला. मोठी माणसं ठेवतात तसा ठेवला.

आता तिले राग आला तर माह्यावर येऊ दे. मी लिहिणार नाही. तू सांगशीन तवाच लिहीन. नाही सांगतलं तरी चालते.

तिले जवळ घेऊन झोपजो काही दिवस. पाठीवर हात फिरवला का झोपते.

शीला


दिग्रस
२९ जानेवारी २०२३

नलू,
जयभीम.

दादानं तुहा निरोप देल्ला का आता लिहिली तरी चालते. म्हणून लिहून राह्यली. लय नाही लिहीत.

इकडे जिनिंगच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्या लागल्या, पण मागच्या वर्षीसारखा भाव नाही. लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला. लालीबाईच्या घरात तर खाट टाकाले जागा नाही, सगळे कापसावरच झोपतात. अश्वजितची तब्येत बरी हाय. तो बोलत नाही फारसा.

दादा परवा आलता. म्हणे, तुह्याकडे चक्कर मारली तवा रविवार होता अन् तुम्ही दोघी मायलेकी ओट्यापाशी उभ्या राहून संडे करत होत्या. बोधी हुकूम सोडून राह्यली होती अन् तू हासून राह्यली होती. म्हणे, "नलूले इतकं हासताना मी भाऊ गेल्यापासून पाह्यलं नव्हतं." दादालेही एक देल्ला. एकदम नवीनच प्रकार होता, असं म्हणे, आपल्याकडे कोणी केला नसंन. त्यात काय काय होतं हे तो बोटांवर मोजून सांगाले लागला. मी म्हणलं, "दादा, नको सांगू. तो त्यांचा हाय." दादानं चहा घेतला.

बोधीनं माहं नाव काढलं का, असं मी त्याले इचारलं नाही. त्यानंही सांगतलं नाही. त्याच्या पोटात काही राहत नाही, म्हणजे नसंनच काढलं. आपण हेच मागितलं होतं ना, नलू. चांगलं झालं. मी खरंच म्हणते, चांगलं झालं.

काल लालीबाईची नवी सून ब्लाउज शिवाले आलती. भिंतीवर बोधीचा शाळेतला फोटो हाय, तो पाहत उभी राह्यली. म्हणे, "मावशी, ही तुमची पोरगी का?"

मी म्हणलं, "नाही वं. बहिणीची हाय. पुण्याले राहते, तिच्या आईपाशी."

"गोड हाय. सुट्टीत येत असंन ना मंग तुमच्याकडे?"

मी म्हणलं, "हात वर कर वं बाई, माप घेऊ दे."

शीला